खिडकीतून गार होणारी गाडी

आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस स्वतः मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहत होता. काकूंना या गोष्टीचं लग्न झाल्यापासून हसू येत आलं होतं. पाहुणे धापा टाकत दारात टेकले, की त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "अहो, तुम्ही काय काम करता ते सांगा की त्यांना." काका कसंनुसं हसायचे आणि पाण्याचा ग्लास पुढे करायचे.

इमारतीत त्यांना सगळे लिफ्टवाले काका म्हणत, आणि काकूंना चष्मेवाल्या काकू. काकू बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होत्या. नवा चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवायचा, जरा मागे सरून बघायचं, काडी गरम करून कानामागे नीट वळवायची, हे त्यांचं काम. त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि बोलण्यातही नव्हतं. समोरच्याच्या चेहऱ्याला फ्रेम शोभत नसेल तर त्या तोंडावर सांगायच्या, आणि तरी गिऱ्हाईक पुन्हा त्यांच्याकडेच यायचं.

काकांचं सगळं उलट. बोलणं बेताचं, पण हाताला स्वस्थता नाही. घरातली एकही वस्तू त्यांच्या तावडीतून सुटली नव्हती. टाळी वाजवली की पंखा सुरू व्हावा अशी सोय त्यांनी केली होती; शेजारणीने दार आपटलं तरी तो सुरू व्हायचा. मिक्सरला त्यांनी टायमर लावला, तेव्हापासून चटणी कधी मनासारखी बारीक झाली नाही. काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. काका म्हणायचे, "थांब, थोडं राहिलंय." त्या घरात कायम काहीतरी थोडं राहिलेलं असायचं.

मग काकूंना तो नसांचा आजार जडला. एरवी बघणाऱ्याला काही कळायचं नाही. चालायच्या, बोलायच्या, भांडायच्या. पण अंग तापलं की पाय त्यांचे राहत नसत. उन्हात थोडा वेळ उभं राहिलं तरी गुडघ्यापासून खाली सगळं दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांनी सांगितलं, औषधं घ्या, आणि अंग गार ठेवा. रोज सकाळी थंड पाण्याने भरपूर वेळ आंघोळ करा. नोकरी करायची तर करा, पण उन्हापासून सांभाळून. काकूंनी त्यातलं फक्त "नोकरी करायची तर करा" एवढंच ऐकलं.

काका निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एक जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली, काकूंना दुकानात जायला. गाडी चांगली होती, आवाज नाही, धूर नाही. पण इमारतीच्या अंगणात सावली नव्हती. सकाळपासून ऊन थेट काचांवर यायचं, आणि काकू खाली जाईपर्यंत गाडीची भट्टी झालेली असायची. एकदा सिग्नलजवळ ब्रेक दाबायला पाय उचललाच नाही. पुढच्या गाडीला हलकासा धक्का बसला, थोडी बाचाबाची झाली, निभावलं. पण काकू घरी आल्या आणि किल्ली टेबलावर ठेवून नुसत्या बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून काका आधी खाली जायचे, एसी लावून ठेवायचे आणि वर यायचे. काकूंनी हे आठवडाभरही चालू दिलं नाही. काकांचे गुडघे लिफ्टच्या खड्ड्यांत उतरून-चढून कधीच कामातून गेले होते. "माझे पाय वाचवायला तुमचे पाय मोडू नका," त्या म्हणाल्या. "मला हे नाही चालायचं. मी नोकरी सोडते, संपलं."

नोकरी सोडल्यावर ही बाई घरात काय होऊन बसेल हे काकांना पक्कं ठाऊक होतं. आणि नेमकं तेव्हाच त्यांना कळलं, की त्यांच्याच गाडीच्या महागड्या प्रकारात घरबसल्या एसी सुरू करायची सोय असते. कंपनीने ती आपल्या गाडीत ठेवली नाही, हे त्यांनी फारच मनाला लावून घेतलं. "आहे काय त्यात," असं म्हणून त्यांनी बाहेरून रिमोटवर चालणारा एक डबा मागवला, पुढचा डॅशबोर्ड उघडला, दारांच्या वायरी सोलल्या, आणि गाडीची दुसरी किल्ली फोडून तिचं काळीज, म्हणजे आतली चिप, त्या डब्यात बसवलं. किल्ली सतत आतच आहे असं गाडीला वाटत राहणार, आणि खिडकीत बसून बटण दाबलं की ती खाली आपोआप सुरू होऊन गार होणार, असा तो बेत होता.

पहिले काही महिने त्या डब्याने नाकी नऊ आणले. शेजाऱ्यांनी आपली गाडी उघडली की काकूंच्या गाडीचा हॉर्न वाजायचा. एकदा काचा आपोआप खाली आल्या आणि एक मांजर दिवसभर ड्रायव्हरच्या सीटवर झोपून गेलं. एकदा पर्स आत आणि काकू बाहेर, अशी दारं बंद झाली. मुलगा दूर दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. तो फोनवर पोट धरून हसायचा. "बाबा, गाडी म्हणजे काय मिक्सर आहे का? काढून टाका ते." काका म्हणायचे, "थोडं राहिलंय रे."

पण हसण्यासारखं नव्हतं ते एकच. मधूनच, आणि पुढे पुढे वरचेवर, सकाळी गाडी मेलेली असायची. बटण दाबलं तरी ढिम्म, दार उघडत नाही, दिवा लागत नाही. अशाच एका सकाळी काकू खाली जाऊन दाराशी झटत राहिल्या, ऊन चढलं, आणि त्या तिथेच फरशीवर बसल्या. बसल्या कसल्या, कोसळल्या. दोघा-तिघांनी धरून वर आणलं. काका दारात उभे होते, मग पाणी आणायला वळले.

काकू पाणी प्यायल्या, त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि शांतपणे सांगितलं, "पुन्हा एकदा बंद पडली ना, तर डबाही जाईल, गाडीही जाईल आणि नोकरीही जाईल. तुमचं थोडं राहिलेलं मग राहू दे कायमचं."

त्या रविवारी काका दिवसभर गाडीत डोकं घालून बसले होते. संध्याकाळी वर आले आणि हात धुता धुता म्हणाले, "आता नाही पडणार बंद." काकूंनी विश्वास ठेवला नाही. पण खरंच, त्यानंतर डब्याने एकदाही दगा दिला नाही. काकू आंघोळ करून बाहेर येत तेव्हा काका खिडकीशी खुर्चीत बसलेले असायचे, हातात रिमोट. काकूंनी केस पुसत खिडकीशी यायचं, मग त्यांनी बटण दाबायचं, खाली गाडीचे दिवे लुकलुकायचे. हे त्यांना काकूंच्या देखतच करायचं असे. काकू म्हणायच्या, "पुरे झालं कौतुक," आणि कपडे करायला जायच्या. पण दुकानात गिऱ्हाइकांना त्या सांगायच्या, आमच्या यांनी स्वतः केलंय, कंपनीवाल्यांनाही असं जमत नाही. हे त्यांनी काकांना कधी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी काकांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात काही दिवस काढून ते घरी आले ते डॉक्टरांची एक अट घेऊनच. जिना दिवसातून एकदाच. संध्याकाळी हळूहळू उतरायचं, थोडं फिरायचं, थांबत थांबत चढायचं, बास. काकूंनी ही अट डोळ्यांत तेल घालून पाळली. काकांच्या चपला त्यांनी कपाटात वर ठेवून दिल्या. संध्याकाळी काढून द्यायच्या, परत आल्यावर उचलून ठेवायच्या. दूध, पेपर, किराणा, सगळं दारात यायला लागलं. काका म्हणायचे, "मला कैदेत टाकलंय." काकू म्हणायच्या, "हो, आणि जामीन मिळणार नाही."

कधी कधी काकू आंघोळीहून बाहेर आल्या की काका घामाने निथळत असायचे. "बसल्या जागी एवढा घाम कसा येतो तुम्हाला?" त्या विचारायच्या. काका म्हणायचे, खिडकीत ऊन येतं ना. मग काकूंनी तिथे जाड पडदा लावला. काकांचे तळपाय काळे दिसायचे, म्हणून त्या गॅलरीची फरशी दिवसातून दोनदा पुसायला लागल्या, आणि धुळीला शिव्या द्यायला लागल्या.

एका सकाळी त्या केस पुसत बाहेर आल्या तर काका खुर्चीत बसले होते, मान एका बाजूला, रिमोट मांडीवर. त्यांनी त्या दिवशी वाट न बघता आधीच बटण दाबलं होतं. खाली गाडी सुरू होती. काकांचा हात अजून गरम होता, आणि माणूस संपला होता.

नंतर सांत्वनाला जो येई त्याला काकू एकच सांगत. बसल्या बसल्या गेले, काही त्रास झाला नाही, काही दगदग नाही. हे सांगताना त्यांना जरा आधार वाटायचा. बाकी सगळं कोसळलं होतं, झोप गेली होती, जेवण घशाखाली उतरत नव्हतं, पण एवढं एक त्यांच्या हाताशी होतं. आपण त्यांना जपलं. जेवढं माणसाच्या हातात असतं तेवढं आपण केलं.

काही आठवड्यांनी त्यांनी पुन्हा कामावर जायचं ठरवलं. आंघोळ केली, खिडकीशी आल्या, आणि पहिल्यांदा स्वतः बटण दाबलं. खाली काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग दोन्ही हातांनी धरून दाबलं. गाडी इतके दिवस उभी आहे, साहजिक आहे, असं स्वतःला समजावत त्या रिक्षाने दुकानात गेल्या.

गाडीचा एक इलेक्ट्रिशियन मिळाला. फोन केला की घरी येणारा, मध्यमवयीन, विचारल्याशिवाय बोलायचं नाही असा. त्याने छोटी बॅटरी बदलली, गाडी सुरू करून दिली आणि गेला. दुसऱ्या सकाळी गाडी मेलेली. तो पुन्हा आला, तासभर काहीतरी तपासलं, म्हणाला, "काकू, हा बाहेरून बसवलेला डबा काढूया." काकू म्हणाल्या, "डब्याला हात लावायचा नाही." तो खांदे उडवून गाडी सुरू करून गेला. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मुलाचा फोन आला, त्याचंही तेच. "आई, काढ ना ते आता. बाबा असताना ठीक होतं."

"बाबा असताना ठीक होतं म्हणजे काय?" काकू कडाडल्या. "ते असताना रोज चालत होतं. आता हे अडाणी लोक हात लावतायत म्हणून बिघडतंय."

त्यांना तो डबा गाडीपेक्षा महत्त्वाचा झाला होता. आयुष्यभर त्या माणसाचं सगळं थोडं राहिलं होतं, आणि ही एकच गोष्ट त्याने पुरी करून दाखवली होती. ती एका वायरवाल्याच्या पकडीने उपटून काढायची, आणि मुलाने म्हणायचं, बघ मी सांगत होतो, हे त्या होऊ देणार नव्हत्या.

रविवारी इलेक्ट्रिशियन पुन्हा आला. काकू या वेळी स्वतः खाली उतरल्या. छत्री घेऊन, ओला रुमाल मानेवर टाकून, वॉचमनच्या केबिनच्या सावलीत स्टुलावर बसल्या. वॉचमन बाजूला उभा होता.

"काकू, एक विचारू?" इलेक्ट्रिशियन बॉनेटमधून डोकं काढत म्हणाला. "काका असताना ही गाडी रोज चालत होती?"

"रोज."

"डबा असताना?"

"डबा असताना. एक दिवस चुकला नाही. त्यांना जमलं ते तुम्हाला जमत नाही, सरळ सांगा ना."

त्याने राग मानला नाही. हात पुसले, जवळ आला आणि उकिडवा बसला. "हे बघा. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी गाडी चालवते. छोटी असते ती कुलूप, दिवे, सगळा मेंदू चालवते. गाडी बंद केली की मेंदू झोपतो, म्हणून छोटी टिकते. हा डबा झोपत नाही, आणि आत किल्लीचा तुकडा आहे ना, त्यामुळे गाडीलाही झोपू देत नाही. रात्रभर छोटीतून ओढत राहतो. सकाळी ती खलास. मग मोठी पूर्ण भरलेली असून उपयोग काय? तिला हाक मारायला कुणी उरत नाही. नवी बॅटरी घाला, वायर बदला, काही करा. हे कुणालाच जमण्यासारखं नाही, काकू. काकांनाही जमलेलं नाही."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. "मग इतकी वर्षं गाडी काय मंत्राने चालत होती?"

"तेच मला कळत नव्हतं. आत्ता कळलं. परवा मी जी जुनी बॅटरी काढली, ती माझ्याकडेच आहे." त्याने आपल्या पेटीशेजारी ठेवलेली बॅटरी उचलून काकूंच्या पायाशी आणली. "ही टोकं बघा. हे ओरखडे आहेत ना, ते चिमट्याच्या दातांचे. बाहेरून करंट द्यायचा बूस्टर लावला की उठतात. एकावर एक, एकावर एक. झिजून गेलंय शिसं. कुणीतरी रोज येऊन हिला जिवंत करत होतं."

काकू बघत राहिल्या. मग वॉचमन केबिनमध्ये गेला आणि जुन्या खाकी शर्टात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. शर्ट काकांच्या कामाचा होता. खिशावर लिफ्ट कंपनीचं नाव होतं. आत बूस्टर होता, दोन चिमटे, वायर नीट गुंडाळून दोरीने बांधलेली.

"हे काकांचं आहे," वॉचमन म्हणाला. "माझ्याकडे चार्जिंगला असायचं. कुणाला सांगू नको म्हणाले होते. मग ते गेले, आणि मला समजेना की आता द्यायचं कुणाला."

"रोज यायचे?" काकूंनी विचारलं.

"रोज सकाळी. तुम्ही आंघोळीला गेलात की. आधी चपला घालून यायचे. ते दवाखान्यातून आल्यानंतर मात्र अनवाणीच. मी विचारलं तर म्हणाले, चपला वर कपाटात आहेत, आणि बरंच आहे, आवाज होत नाही. चिमटे लावायचे, गाडी सुरू करून थोडी भरू द्यायची, मग बंद करायची आणि वर जायचं. शेवटी शेवटी जिन्याच्या मधल्या वळणावर बसायचे. मी म्हणायचो, काका, पाणी देऊ का. तर म्हणायचे, वेळ नाही, तिचं आटपत आलं असेल."

"त्या दिवशी?"

वॉचमनने मान खाली घातली. "त्या दिवशी पण आले होते. चेहरा बरा दिसत नव्हता. मी म्हणालो, आज राहू द्या. ऐकलं नाही."

इलेक्ट्रिशियनने बॅटरी परत पेटीशेजारी ठेवली. मग त्याने जे विचारलं त्यात काही वाकडं नव्हतं, कामातल्या माणसाची साधी शंका होती. "एक कळत नाही. ते खाली येतच होते. गाडी सुरूही करत होते. मग एसी तसाच हाताने चालू ठेवून वर जायचं ना. परत बंद करून, वर जाऊन बटण दाबायची काय गरज होती? डब्याचं काम काय राहिलं?"

काकूंना त्याचं उत्तर क्षणात कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. एसी आधीच चालू दिसला असता, तर त्यांनी विचारलं असतं, खाली कोण गेलं होतं. त्यांच्या देखत बटण दाबलं जात होतं, म्हणून त्यांनी ते कधीच विचारलं नाही. डबा पहिल्यापासून कामाचा नव्हताच. त्याचं एकच काम उरलं होतं, या माणसाचं जिना उतरणं काकूंपासून लपवणं, आणि ते त्याने चोख केलं होतं.

"त्यांना काय कळत होतं," त्या म्हणाल्या. "नसती उठाठेव करायची सवयच होती."

वॉचमन चुळबुळला. "काकू, किल्ली माझ्याकडे देऊन ठेवत जा. मी लावत जाईन एसी, तुम्ही उतरायच्या आधी. मला काय, मी इथेच असतो."

इतकं सोपं होतं. एक किल्ली खाली ठेवायची. सगळ्या भानगडीवर हा एवढाच उपाय होता, आणि तो या पोरगेल्या चेहऱ्याच्या माणसाला उभ्या उभ्या सुचला होता.

"हे तू त्यांना कधी म्हणाला नाहीस?"

"म्हणालो होतो ना. एकदा सोडून चारदा. ते म्हणाले, तिची गाडी गार करणं हे माझं काम आहे."

काकूंनी डबा काढायला सांगितलं. इलेक्ट्रिशियनला फार वेळ लागला नाही. त्याने वायरी जोडून टेप लावला, दारं उघडून-मिटून बघितली, म्हणाला, आता महिनाभर उभी ठेवली तरी काही होणार नाही. काकूंनी मान हलवली, किल्ली वॉचमनच्या हातात दिली आणि जिना चढायला लागल्या. मधल्या वळणावर पाय थांबले. उन्हाने थांबले की कशाने, कुणास ठाऊक. त्या पायरीवर बसल्या आणि पहिल्यांदा मोठ्याने रडल्या, आणि रडता रडता त्या माणसाला वाट्टेल ते बोलल्या. खोटारडे आहात. लुच्चे आहात. मला विचारलं का एकदा तरी? मला गार गाडी नको होती. मी नोकरी सोडली असती, घरात बसून तुमच्याशी भांडले असते, रोज भांडले असते, तुम्ही असता तर. मी आत नळ सोडून आरामात पाणी अंगावर घेत होते आणि तुम्ही इथे बसून श्वास गोळा करत होतात. मी तुम्हाला घामावरून बोलत होते.

वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं, वाकून पाहिलं, आणि हळूच दार लावून घेतलं. काकूंना त्याची लाज वाटली नाही. फार वेळाने त्या कठड्याला धरून उठल्या आणि घरात गेल्या.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. हालहवाल झाली. मग त्याने विचारलंच, "काय निघालं शेवटी गाडीचं? बाबांनी काय घोळ घालून ठेवला होता?"

"घोळ काही नव्हता," काकू म्हणाल्या. "बॅटरी जुनी झाली होती. डबा काढून घेतला, आता कोण वापरणार तो."

"म्हणजे बाबांचं काम बरोबर होतं?"

"बरोबर म्हणजे काय. इलेक्ट्रिशियन बघत राहिला. म्हणाला, हे कुणालाही जमण्यासारखं नाही."

पलीकडे मुलाचा आवाज जड झाला. "मी फार हसायचो गं त्यांना. एकदा तरी म्हणायला हवं होतं, की बाबा, भारी केलंत." त्याने नाक ओढलं, स्वतःला सावरलं, आणि आईला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "पण आई, एक गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. शेवटी तू त्यांना फुलासारखं जपलंस. जिनासुद्धा उतरू दिला नाहीस. त्यामुळे तरी शांतपणे गेले. काही दगदग नाही, काही नाही. हो ना?"

काकूंनी फोन एका कानावरून काढून दुसऱ्या कानाला लावला.

"हो," त्या म्हणाल्या. "बसल्या बसल्या गेले."